मुलांना एक सीझन लेणीत उभं राहू द्या

प्रति,
मा. प्राचार्य आणि इतिहास व पर्यटन विभागांचे प्रमुख,
मराठवाडा आणि खानदेशातील सर्व महाविद्यालये

स. न. वि. वि.

मी एकोणीस वर्षं अजिंठा-वेरूळला गाइड म्हणून काम करते. गेल्या मार्चमध्ये आपल्यापैकी एका महाविद्यालयाने गाइड प्रशिक्षणाच्या सर्टिफिकेट कोर्सच्या तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. बावीस मुलं-मुली होत्या. एकेकाने आत यायचं, टेबलावरची चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत जी लेणी निघेल तिची पाच मिनिटं माहिती द्यायची, अशी पद्धत होती. पहिल्या मुलाने सुरुवात केली, "अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी ही वाघूर नदीच्या नालाकृती दरीत वसलेली असून..." दुसऱ्यानेही तिथूनच सुरुवात केली. सातव्या मुलापर्यंत ते वाक्य मलाही पाठ झालं. चित्रांना जवळजवळ सगळ्यांनी 'फ्रेस्को' म्हटलं, कारण नोट्समध्ये फ्रेस्को लिहिलं होतं. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत, वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत, म्हणजे ती फ्रेस्को नाहीत, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मग मी चिठ्ठी बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारायला लागले. पहिल्या लेणीत गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, तुझ्या डाव्या हाताला येतो की उजव्या? बावीस जणांपैकी चौघांनी बरोबर सांगितलं. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी लेणी शाळेच्या सहलीत, पाचवी-सहावीत कधीतरी पाहिली होती. कोर्सच्या वर्षभरात त्यांची एक 'व्हिजिट' झाली होती. त्या दिवशी बस उशिरा पोचली, चार लेण्या झाल्या, बॅनर धरून फोटो झाला आणि जेवण करून सगळे परत आले. जी मुलं उद्या लोकांना लेणी दाखवणार, त्यांनाच ती कोणी नीट दाखवलेली नाही. यात मुलांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. त्यांना जे दिलं ते त्यांनी पाठ केलं.

त्या बावीस जणांत फर्दापूरकडची एक मुलगी होती. तिचे वडील टी पॉइंटच्या, म्हणजे जिथून अजिंठा लेणीची बस सुटते त्या फाट्याच्या, बाजारात दगड विकतात, पर्यटक घेऊन जातात ते स्फटिकाचे आणि गारगोटीचे. तिला दहाव्या लेणीची चिठ्ठी आली. इंग्रजीत दोन वाक्यं बोलली आणि अडली. मी म्हटलं, मराठीत बोल. तिने एक आवंढा गिळला आणि म्हणाली, "मॅडम, तिथं खांबावर इंग्रजाचं नाव कोरलेलं आहे. मी लहान असताना वडलांना विचारलं होतं, एवढ्या वर त्याचा हात कसा पोचला? वडील म्हणाले, बाहुबली असेल. मग मोठी झाल्यावर कळलं, तो आला तेव्हा लेणीत दगडमातीचा ढीग साचला होता. तो त्या ढिगावर उभा होता. आज आपण उभे राहतो ती जमीन त्याच्या पायाखाली पाच फूट होती."

मी खुर्चीत ताठ बसले. त्या इंग्रजाचं नाव जॉन स्मिथ, मद्रास इलाख्याच्या फौजेतला अधिकारी. वाघाच्या शिकारीला आला होता आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख त्याने स्वतःच खांबावर कोरून ठेवली. तारीख सगळ्यांच्या नोट्समध्ये होती. पण ते नाव आपल्या डोक्याच्या वर का आहे, हा प्रश्न या मुलीला पडला होता. त्या एका प्रश्नातून पर्यटकाला सगळं दिसतं: शेकडो वर्षं फारसं कोणी न आल्यामुळे साचत गेलेली माती, आत राहणारी वटवाघळं आणि जनावरं, आणि खांबावरच्या एका जुन्या चित्रावरच चाकू चालवणारा तो माणूस. लेणी 'सापडली' त्याच दिवशी तिला पहिला ओरखडाही पडला. एवढं सांगितलं की "भिंतीला हात लावू नका" असं वेगळं ओरडावं लागत नाही. लोक आपोआप हात मागे घेतात.

तिला पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले. संभाषणकौशल्याच्या रकान्यात, म्हणजे इंग्रजीत, ती कमी पडली. मी हरकत घेतली. मला सांगण्यात आलं की मूल्यमापनाचा तक्ता आधीच ठरलेला आहे आणि त्यात निरीक्षणाला रकाना नाही. ती नापास झाली. 'फ्रेस्को' म्हणणारे सगळे पास झाले. हे पत्र मी त्या दिवसापासून मनात लिहिते आहे.

आपण गाइडच्या कामाला 'माहिती देणं' समजता, आणि गडबड तिथेच होते. माहिती आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. एकूण लेण्या तीस, पैकी सातवाहनकाळातल्या कोणत्या आणि वाकाटकांच्या कोणत्या, जागतिक वारसा यादीत नाव १९८३ साली आलं, हे सगळं फोन सांगतो. फोनला जे जमत नाही त्यासाठी पर्यटक आम्हाला पैसे देतो. आम्ही त्याला पाहायला लावतो.

पहिल्या लेणीचंच घ्या. गाभाऱ्यातला बुद्ध धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत बसला आहे, खाली चक्र आहे, बाजूला हरणं आहेत, म्हणजे हा सारनाथचा पहिला उपदेश. हे झालं पुस्तकातलं. आता उजेड एका बाजूने टाका, चेहऱ्यावर स्मित येतं. दुसऱ्या बाजूने टाका, तोच चेहरा गंभीर होतो. समोरून पाहा, ध्यान लागलेलं असतं. मी नवीन असताना एका जुन्या गाइडकाकांनी मला हे दाखवलं, आणि दाखवताना एक शब्दही बोलले नाहीत. ग्रुपला उभं केलं, उजेड सरकवला आणि थांबले. ग्रुपमधूनच आवाज आला, "अरे, हसतोय!" ते पर्यटकाला सापडलं, गाइडने सांगितलं नाही. असं किती वेळ थांबायचं, हे मला अंगात मुरायला दोन सीझन लागले. नवीन गाइड दोन सेकंदांत अधीर होतो आणि उत्तर सांगून टाकतो.

पूर्वी लेण्यांत विजेचे दिवे नव्हते तेव्हा पहारेकरी दाराशी आरसा किंवा पत्रा धरून उन्हाचा झोत आत सोडायचे. काका सांगायचे, त्या उजेडात रंग जिवंत दिसायचे, कारण ज्यांनी चित्रं काढली त्यांनाही असाच कुठून तरी वळवून आणलेला उजेड मिळाला असणार. हा त्यांचा तर्क होता, आणि ते "असणार" म्हणायचे, "होता" म्हणायचे नाहीत. तो एक शब्द मी त्यांच्याकडून शिकले आणि तोच मला मुलांना शिकवायचा आहे.

कारण "असणार", "अंदाज आहे", "मला माहीत नाही" हे शब्द आपल्या कोर्सेसमध्ये कोणी शिकवत नाही. तोंडी परीक्षेत एका मुलाने वेरूळच्या कैलास लेणीतून इतके लाख टन दगड काढला असं ठणकावून सांगितलं. कोणी मोजला, असं मी विचारलं. तो गोंधळला. हे आकडे दगडाच्या आकारमानावरून बांधलेले अंदाज आहेत, दोन लाखापासून चार लाखापर्यंत वेगवेगळे सांगितले जातात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि जिथे गाइड अंदाजाला सत्य म्हणतो तिथे पर्यटकाला त्याचं सत्यही अंदाज वाटायला लागतं.

आता तर दर दुसऱ्या ग्रुपमध्ये कोणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, मॅडम, कैलास परग्रहवासीयांनी बांधलं ना? व्हिडिओत दाखवलंय. तरुण गाइड इथे एकतर चिडतो, नाहीतर पर्यटक खूश व्हावा म्हणून "हो, असंही म्हणतात" म्हणून मोकळा होतो. दोन्ही चुकीचं. मी त्या माणसाला कैलासाच्या मागच्या कड्याशी नेते. तिथल्या उभ्या भिंतीवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट आहेत. मग राष्ट्रकूटांचा बडोद्याला मिळालेला ताम्रपट सांगते, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे ज्या राजाने कैलास घडवून घेतलं त्या कृष्ण पहिला याच्यानंतर फार तर दोन-तीन पिढ्यांचा. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाबद्दल लिहिलं आहे की विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झाले, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीसुद्धा, हे माझ्या हातून कसं झालं, म्हणून थक्क झाला. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला तोच प्रश्न पडला होता जो आज या पर्यटकाला पडला आहे, आणि त्याने उत्तर माणसात शोधलं. ज्याला अजिंठ्याला जायचं आहे त्याला मी चोविसाव्या लेणीत थोडा वेळ जास्त घालव म्हणून सांगते. ती लेणी अर्धवट राहिली आहे. काम वरून खाली कसं आलं, खांबासाठी दगड कसा सोडला, बाकीचा कसा फोडला, सगळं तिथे उघडं पडलेलं आहे. गर्दी तिकडे फिरकत नाही. शिकवायला मात्र संपूर्ण अजिंठ्यात त्याहून चांगला वर्ग नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात शिकवता येत नाही, ती म्हणजे गप्प बसणं. सव्विसाव्या लेणीत महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, आडवी, सुमारे सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर स्वागताला आलेले देव. थायलंड, श्रीलंका, जपानकडून आलेले उपासक तिथे बसतात आणि मंत्र म्हणतात. त्या कमानदार छताखाली तो आवाज घुमतो. तेव्हा गाइडने एक पाऊल मागे सरकून भिंतीच्या बाजूला, पण भिंतीला न टेकता, उभं राहायचं. आपल्याकडचीही माणसं येतात. परभणी, नांदेड, अकोल्याहून पांढऱ्या साडीतल्या आज्या येतात, नातवंडांना घेऊन. त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी असतात. एकदा एक आजी मूर्तीच्या पायाशी डोकं टेकवायला वाकल्या, तर एका शिकाऊ गाइडने त्यांना "आजी, हे स्मारक आहे, मंदिर नाही" असं ऐकवलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या मुलाने नियम बरोबर सांगितला होता, मूर्तीला स्पर्श नको हे खरंच. पण तेच, "आजी, इथून हात जोडा, इथून तथागतांचा चेहरा पूर्ण दिसतो," असं सांगता येतं. ही शिकवण कोणत्या पेपरमध्ये घालणार? ती तिथेच, त्या आजींच्या समोर, बरोबरच्या अनुभवी गाइडने कानात सांगायची असते.

वेरूळच्या बाजूला तर याची कसोटी रोजच लागते. एका फुल डेमध्ये आमचा गाइड बौद्ध, हिंदू आणि जैन अशा चौतीस लेण्या, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वर, मालोजीराजांचं वेरूळ, खुलताबादची औरंगजेबाची साधी उघडी कबर, तिथलीच मलिक अंबरची समाधी, यादवांचा देवगिरी आणि शेवटी बिबी का मकबरा असा फिरतो. बसमध्ये पुण्याचं एक कुटुंब, हैदराबादचं एक कुटुंब आणि दोन फ्रेंच पाहुणे असतात. औरंगजेबाबद्दल बोलताना सगळी बस कान टवकारते. शहराचं नाव बदललं, कबरीवरून वातावरण तापलं, त्या दिवसांतही आम्ही ड्युटीवर होतो. मी नवीन मुलांना एकच सांगते: पुण्याच्या कुटुंबासमोर जे बोलाल ते शब्दही न बदलता हैदराबादच्या कुटुंबासमोर बोलता आलं पाहिजे. संभाजीमहाराजांचे हाल हाल करून त्यांना मारलं गेलं हेही सांगा आणि त्या बादशहाने आपली कबर साधी आणि उघड्यावर ठेवायला सांगितली हेही सांगा. आपलं मत विचारलं तर ते मत म्हणून सांगा, नाहीतर सांगू नका. हे बोलायला सोपं आहे. चाळीस माणसांसमोर, माइक हातात धरून, हे करायला सराव लागतो, आणि तो सराव करताना बाजूला कोणीतरी सांभाळणारं लागतं.

आता मी मागते आहे ते नीट सांगते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. चार क्रेडिटचं ट्रेनिंग धरलं तर एकशेवीस तास झाले. हे तास आपली मुलं सध्या कुठे घालवतात, हे आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कुणी ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांच्या झेरॉक्स काढतं, कुणी हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहतं, कुणी कोणाच्या तरी ओळखीने नुसतं पत्र आणून देतं. माझी विनंती आहे की हे एकशेवीस तास लेणीत द्या, आणि तेही सीझनमध्ये, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा सगळ्यात जास्त येतात त्या शाळांच्या सहली.

सहलींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची एसटी येते. पन्नास-साठ मुलं, दोन सर, एक मॅडम, सकाळी चारला निघालेले. गाइड घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नसतात आणि आम्हीही, खरं सांगायचं तर, फॉरेनर ग्रुप सोडून त्यांच्याकडे वळत नाही. मग एक सर शिट्टी वाजवतात, रांग लावतात आणि तासाभरात सगळी लेणी 'होतात'. मुलांच्या लक्षात राहतात ती माकडं आणि टी पॉइंटची बस. त्याच पहिल्या लेणीत एका खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. कुठल्याही हरणाकडे पाहिलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं. पाचवीच्या मुलाला ते दाखवा आणि विचारा, हे डोकं कोणाचं? अख्खी रांग थांबते. सतराव्या लेणीत सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट भिंतीवर आहे. गोष्ट सांगणारं कोणी मिळालं तर ती मुलं तिथे मांडी घालून बसतील.

आपल्या विद्यार्थ्यांना पहिले ग्रुप हे द्या. मराठीत, फुकट, एका परवानाधारक गाइडच्या नजरेखाली. शाळेच्या मुलांसमोर पाठ केलेली वाक्यं टिकत नाहीत, अर्ध्या मिनिटात चुळबुळ सुरू होते. "वसलेली असून" म्हणणारा विद्यार्थी दुसऱ्याच सहलीत स्वतःच्या भाषेत बोलायला लागतो. ज्याला दहा वर्षांच्या मुलाला जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, सांगता आली, त्याला पुढे जपानी किंवा फ्रेंच शिकून तीच कथा सांगता येईल. उलट मात्र होत नाही. परकी भाषा उत्तम येणारे, पण सांगायला काहीच नसलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. भाषा शिकवाच, त्याबद्दल वाद नाही. जपानी येणाऱ्या गाइडला आमच्याकडे कायम मागणी असते. पण पायरी आधी ही.

यात कायद्याची अडचण आहे, ती मला माहीत आहे. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मुलं स्वतंत्र ग्रुप घेणार नाहीत, परवानाधारकाबरोबर शिकाऊ म्हणून राहतील, आणि त्यासाठी महाविद्यालयाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्यायची. दिवाळीपूर्वी अर्ज गेला तर सीझनपर्यंत काम होऊ शकतं. मुलांच्या नावांची यादी, ओळखपत्रं, कोणत्या दिवशी कोण, हे स्पष्ट ठेवा. चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात, कारण आपल्या श्वासातल्या ओलाव्यानेसुद्धा रंगांना इजा होते. तेव्हा वीस मुलांचं टोळकं पाठवू नका. एका दिवशी तीन किंवा चार, त्याहून जास्त नको.

त्या तासांत बाकीचंही आपोआप शिकून होईल. दुपारच्या उन्हात पायऱ्या चढणाऱ्या साठीच्या माणसाचा चेहरा पाहून डोली केव्हा बोलवायची. दरीत आग्या मोहोळ उठलं तर धावाधाव होऊ न देता, डोकं-तोंड झाकून ग्रुप बाहेर कसा काढायचा. डोलीवाला, बसचा कंडक्टर, लेणीतला पहारेकरी यांच्याशी नावाने बोलायचं, कारण अडचणीच्या वेळी तेच धावून येतात. मुलीसाठी आणखी एक गोष्ट: एकटी असताना कोणता ग्रुप घ्यायचा, कोणता नाही, आणि नाही कसं म्हणायचं. आमच्या धंद्यात बाया अजून फार कमी आहेत. मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पैशाबद्दलही मुलांशी खरं बोला. गाइडचं काम सीझनचं असतं. ऑक्टोबर ते मार्च हात भरलेले आणि मे-जूनमध्ये रिकामे. कोरोनाच्या काळात लेण्या बंद झाल्या तेव्हा आमच्यातल्या काहींनी भाजी विकली. मधल्या वेळात कमिशनचा मोह होतो. ग्रुपला शोरूममध्ये न्यायचं, हिमरू शाल किंवा पैठणी घेतली की टक्के घ्यायचे. मी उपदेश करत नाही, घर सगळ्यांनाच चालवायचं असतं. पण जो गाइड शोरूमचं घड्याळ डोक्यात ठेवून लेणी दाखवतो, त्याची लेणी वीस मिनिटांत उरकते, आणि हे पर्यटकाला कळतं. मुलांना हिशेब लिहायला शिकवा, ठरलेल्या सरकारी दराची पावती द्यायला शिकवा, रिकाम्या महिन्यांत लिहायला, भाषांतर करायला, शाळांमध्ये जाऊन स्लाइड दाखवायला शिकवा. एक वेगळा विषयच करा याचा.

आमच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. आमच्यातल्या काही जणांना ही कल्पना आवडणार नाही. दरवर्षी नवीन पोरं आली तर आमच्या ताटातली भाकरी जाईल, अशी भीती आहे. मी त्यांच्याशी बोलते आहे. त्यांना मी गडांकडे बोट दाखवते. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, बाकीचे अकरा आपल्याकडे. खानदेश-नाशिककडच्या मुलांना साल्हेर जवळ. तिथे उद्या माणसं यायला लागतील, तेव्हा त्यांना पाहायला कोण लावणार? मेणाच्या बाहुलीसारखा पोवाडा म्हणणारा नको आहे, आणि तटबंदी, पाण्याची टाकी, चोरदिंडी पाहून तिथली माणसं कशी राहत होती ते सांगणारा हवा आहे. अजिंठ्यात एक सीझन तयार झालेला मुलगा साल्हेरवर गेला तर तिथेही त्याची नजर चालेल. भाकरी कमी पडणार नाही, माणसंच कमी पडणार आहेत.

तोंडी परीक्षेच्या तक्त्याबद्दल शेवटची विनंती. परीक्षा वर्गात घेऊ नका. विद्यार्थ्याला एखाद्या सहलीसमोर उभं करा, परीक्षकाला मागे उभं राहू द्या, आणि तक्त्यात दोन रकाने वाढवा. त्याने असं काय दाखवलं जे कोणत्याही नोट्समध्ये नाही? आणि त्याला जे माहीत नव्हतं ते त्याने कसं सांगितलं? पंचवीसपैकी दहा गुण या दोन रकान्यांना दिलेत तर मुलं आपोआप लेणीकडे पळतील.

त्या फर्दापूरच्या मुलीला मी गेल्या महिन्यात बाजारात भेटले. वडलांच्या दुकानात बसली होती. कोर्स सोडला का, असं विचारलं. म्हणाली, फेरपरीक्षेचे पैसे भरले नाहीत अजून. मग म्हणाली, "मॅडम, दहा नंबरमध्ये दर्शनी कमानीवर जे ब्राह्मी अक्षर आहे ते मला वाचायचंय, कोण शिकवेल?" मी तिला तिथेच पाटीवर लिहून दिलं: वासिठीपुत कटहादि, त्याने हा घरमुख, म्हणजे लेणीचा हा दर्शनी भाग दान दिला. तिने तीनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे त्याने पूर्ण लेणी नाही दिली? फक्त दार दिलं?" मी हो म्हटलं. बाकीची कोणी दिली असेल, यावर आम्ही गिऱ्हाईक येईपर्यंत बोलत होतो.

मी आणि माझे चार सहकारी गाइड या सीझनला आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घ्यायला तयार आहोत. मानधन नको. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. बाकी दिवसांत आपण तारखा कळवा, परवानगीचं पत्र जोडा. मुलांना सकाळी नऊच्या आत टी पॉइंटवर पोचायला सांगा, पायात बूट, बरोबर पाण्याची बाटली आणि टोपी. नोट्स घरी ठेवून या म्हणावं. त्या मुलीच्या फेरपरीक्षेचे पैसे मी भरते आहे, तेव्हा पहिल्या यादीत तिचं नाव असेल असं मी धरून चालते.

आपली नम्र,
अजिंठा-वेरूळची एक परवानाधारक गाइड
छत्रपती संभाजीनगर